चोवीस इंची नळी, दहा यार्डांवरचं निशाण: लिव्हर रायफलीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनामधलं आहे. नेमबाज मूळचा नाशिकचा, वय पंचेचाळीसच्या आसपास, कॉलेजात एनसीसीमध्ये .२२ रायफल चालवलेली. फीनिक्सजवळ नोकरी आणि शनिवारी काउबॉय अ‍ॅक्शन शूटिंग. या खेळात प्रत्येक जण टोपणनावाने उतरतो आणि निकालाच्या फलकावरही तेच लागतं. त्यामुळे खरं नाव झाकणं सोपं गेलं. इथे टोपणनावही दिलेलं नाही.

खेळाची तोंडओळख थोडक्यात. १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियात रुजलेला हा प्रकार आता सिंगल अ‍ॅक्शन शूटिंग सोसायटीच्या नियमांनी चालतो. त्याची राष्ट्रीय स्पर्धा 'विंटर रेंज' फीनिक्सच्या बेन एव्हरी रेंजवर भरते. एका स्टेजमध्ये, म्हणजे स्पर्धेच्या एका टप्प्यात, दोन रिव्हॉल्व्हर, एक शॉटगन आणि एकोणिसाव्या शतकातल्या घडणीची, बाहेर हॅमर (काडतूस पेटवायला आदळणारा हातोडा) असलेली लिव्हर रायफल, म्हणजे चापाभोवतीचं कडं खाली-वर करून पुढचं काडतूस भरायची रायफल, वापरतात. रायफलीतून बहुतेक वेळा दहा काडतुसं झाडायची असतात. निशाणं लोखंडी पत्र्याची आणि चांगली ऐसपैस असतात. रायफलीसाठीही ती साधारण पंधरा-वीस यार्डांच्या आतच ठेवतात. गुण वेळेवर मिळतात. नेम चुकला की पाच सेकंद वाढतात, क्रम चुकला की दहा. गोळी शिशाचीच लागते. रायफलीतून तिचा वेग सेकंदाला १४०० फुटांच्या वर जाता कामा नये, आणि वजन (ग्रेन या मापात) व वेग यांच्या गुणाकाराला हजाराने भागून निघणारा पॉवर फॅक्टर ६० च्या खाली उतरता कामा नये.

आपल्याकडच्या नेमबाजाला हे सगळं उलटं वाटतं. एनसीसीत शिकवतात ते श्वास धरून पडल्या पडल्या चाप हळू दाबायला आणि गोळ्यांचा झुपका लहान आणायला. इथे निशाण ताटाएवढं असतं आणि घड्याळ थांबत नाही. पुढच्या बऱ्याच चुका या एकाच गोष्टीतून निघाल्या.

कायद्याचा मुद्दाही आधीच सांगायला हवा, कारण मराठी वाचकांपैकी अनेकांचं गाडं तिथेच अडतं. फेडरल कायद्याप्रमाणे एच-वन-बीसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. मित्राची रायफल रेंजवर हातात घेणं हेही 'बाळगणं'च धरलं जातं. ग्रीन कार्डधारकाला ही आडकाठी नाही. या नेमबाजाने शिकार परवान्याची वाट न धरता ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत कळ काढली. तोवर तो स्पर्धांना जाऊन नुसता गुण लिहून देत असे.

रायफल निवडताना

खरेदीच्या वेळी त्याच्यापुढे चार पर्याय होते.

पहिला, विंचेस्टरच्या १८९२ मॉडेलची सोळा इंची नकल. हलकी, स्वस्त आणि दणकट, कारण ब्राउनिंगने रचलेली तिची कुलपी पकड मजबूत असते. पण सोळा इंची नळीखालच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसांच्या साठ्याच्या नळीत, .३५७ कॅलिबरची सहसा आठच काडतुसं मावतात. खेळात दहा भरावी लागतात आणि चेंबर, म्हणजे काडतूस फुटतं ती नळीच्या मागची जागा, रिकामा ठेवावा लागतो. म्हणजे प्रत्येक स्टेजला मध्येच दोन काडतुसं हाताने सरकवायची वेळ. हा पर्याय त्याने तिथल्या तिथे सोडला आणि ते बरोबरच केलं. हौसेने घेतलेल्या आखूड रायफली वर्षभरात पुन्हा विक्रीला येतात, त्या याच हिशेबाने.

दुसरा, जुनी मार्लिन १८९४. नळीवर 'जेएम' ठसा असलेल्या, म्हणजे नॉर्थ हेवनच्या जुन्या कारखान्यातल्या रायफलींना सेकंडहँड बाजारात चढा भाव असतो. रायफल उत्तम असते, पण घेताना आत डोकावावं लागतं. लिव्हरच्या कडेने कॅरियर (काडतूस वर उचलणारा भाग) कुरतडला गेला असेल तर कॅरियर वर जाताना दुसरं काडतूस त्याच्याखाली घुसतं आणि रायफल ठप्प होते. या अडकण्याला तिकडे 'मार्लिन जॅम' असंच नाव आहे. बघितलेल्या रायफलीत ती झीज नखाला लागत होती, म्हणून तीही बाद झाली.

उरली विंचेस्टर १८७३ ची इटालियन प्रतिकृती, वीस इंची किंवा सव्वाचोवीस इंची. स्पर्धकांचा ओढा १८७३ कडे का, ते एकदा साइड प्लेट काढून पाहिलं की कळतं. काडतूस तिरकं चढत नाही. पितळी ठोकळ्यासारखा कॅरियर त्याला लिफ्टसारखा सरळ उचलून चेंबरच्या तोंडाशी नेतो आणि बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा दांडा, ते पुढे ढकलतो. टॉगलच्या, म्हणजे गुडघ्यासारख्या दुमडणाऱ्या, दोन दुव्यांवर चालणारी ही यंत्रणा ताकदीने कमी आहे, जहाल .३५७ साठी ती नाहीच. पण हलक्या काडतुसांवर तिच्याइतकी गुळगुळीत दुसरी सापडत नाही.

कॅलिबरच्या बाबतीत फार घोळ झाला नाही. .४५ कोल्टचं रुंद, सरळ कवच हलक्या भारात चेंबरला नीट चिकटत नाही आणि काजळी मागे, थेट यंत्रणेत येते. .४४-४० चं पातळ कवच चेंबर छान बंद करतं, पण काडतुसं महाग आणि भरायला किचकट. रिव्हॉल्व्हर .३५७ चे होतेच. म्हणून .३५७ ची रायफल आणि तिच्यातून .३८ स्पेशल (त्याच जाडीचं, पण आखूड आणि सौम्य काडतूस), हे ठरलं.

खरी निवड नळीच्या लांबीची होती. दुकानदार वीस इंची सुचवत होता. नेमबाजाने सव्वाचोवीस इंची अष्टकोनी नळीची रायफल घेतली आणि वर टँग साइट, म्हणजे दस्त्याच्या मानेवर बसणारी, भोकातून नेम धरायची साइट, बसवून घेतली. मागच्या व पुढच्या साइटमध्ये जितकं अंतर जास्त तितका नेम अचूक, हे त्याचं कारण. पन्नास यार्डांवर झुपका खरोखरच सुंदर यायचा. अडचण एवढीच की पन्नास यार्डांवर कुणी निशाणच लावत नव्हतं.

अडचण

पहिल्या तीन स्पर्धांत रायफल एकदाही अडकली नाही. दहा गोळ्यांना सरासरी साडेसात सेकंद लागत. निम्मा वेळ लिव्हर खाली-वर करण्यात जाई, उरलेल्यातला बराचसा टँग साइटच्या भोकात निशाण शोधण्यात. आठ पौंडांच्या आसपास वजन आणि तेही टोकाकडे झुकलेलं, त्यामुळे एका पत्र्यावरून दुसऱ्यावर गेलेली नळी पुढे निसटायची आणि मागे आणावी लागायची.

यावर त्याने घेतलेला निर्णय म्हणजे आधी कळस, मग पाया. रायफल एका गनस्मिथकडे (बंदुकींच्या कारागिराकडे) पाठवली आणि एकाच फेरीत सगळं करून मागितलं: शॉर्ट स्ट्रोक किट (लिव्हरचा प्रवास कमी करणारे भाग), पितळीऐवजी अ‍ॅल्युमिनियमचा कॅरियर, लिव्हर आणि लिफ्टरच्या (कॅरियर उचलणाऱ्या दांड्याच्या) हलक्या स्प्रिंगा, आणि घासून पातळ केलेली मेनस्प्रिंग (हॅमरला जोर देणारी स्प्रिंग). त्याच महिन्यात त्याने काडतुसाची गोळीही बदलली. १२५ ग्रेनची सोडून १०५ ग्रेनची घेतली, कारण धक्का कमी बसतो. १०५ ग्रेनची गोळी सेकंदाला ६०० फुटांनी गेली तर पॉवर फॅक्टर ६३ येतो, म्हणजे नियमात जेमतेम बसतो.

रायफल परत आली तेव्हा हातात लोणी. पहिल्या सहा स्टेजच्या स्पर्धेत साठ काडतुसांपैकी पाच पेटली नाहीत आणि तीनदा यंत्रणा अडकली. शिवाय दोनदा चाप दाबूनही काहीच झालं नाही, हॅमर उभाच राहिला. न पेटलेल्या काडतुसावर अंगठ्याने हॅमर पुन्हा चढवला तर दीड-दोन सेकंद जातात. घाईत लिव्हर ओढून ते बाहेर टाकलं तर पाच सेकंदांचा दंड, नाहीतर एक काडतूस नव्याने भरायचं. किटने वाचवलेला वेळ एका स्टेजमध्येच वसूल झाला, तोही व्याजासकट.

पर्याय

त्याच्यासमोर तीन वाटा होत्या.

किट काढून रायफल मूळ स्थितीत आणणं. सगळ्यात सुरक्षित, पण दोष कुठे होता ते कधीच कळलं नसतं.

रायफल विकून आधीच तयार केलेली वीस इंची घेणं. पैसे असतील तर हा मार्ग वाईट नाही. मात्र तशा रायफलीही कुणाच्या तरी काडतुसावर जमवलेल्या असतात. नव्या मालकाने आपली १०५ ग्रेनची गोळी घातली की तोच खेळ पुन्हा.

तिसरी वाट, दोष एकेक करून वेगळे काढणं. यात वेळ जातो आणि तोवर स्पर्धा सोडाव्या लागतात. त्याने हीच धरली. क्लबमधल्या एका जाणत्याने एक अट घातली: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक बदलानंतर वहीत आकडा लिहायचा.

एक चौथा सल्लाही रेंजवर फुकट मिळाला होता. हॅमर पडत नाही म्हणजे लिव्हर सेफ्टी आड येते, ती काढून टाक. १८७३ मध्ये लिव्हर पूर्ण मिटून त्या छोट्या पिनेला दाबत नाही तोवर चाप हलत नाही. बोल्ट अर्धवट उघडा असताना काडतूस फुटू नये म्हणूनच ती पिन तिथे आहे, आणि टॉगलच्या यंत्रणेत अशा स्फोटाची दिशा नेमबाजाच्या तोंडाकडे असते. त्याने तिला हात लावला नाही, हे या प्रकरणातलं सगळ्यात चांगलं पाऊल.

केलेलं काम

सुरुवात हॅमरपासून. मूक चापाचं कारण स्प्रिंगमध्ये नव्हतंच. हाताला लागू नये म्हणून लिव्हरच्या कड्याला चामड्याची वादी गुंडाळली होती, ती वरच्या टोकापर्यंत गेली होती. लिव्हर मिटला की तिथे टँग (दस्त्याच्या मानेची पोलादी पट्टी) आणि लिव्हर यांच्यात चामड्याची जाडी आडवी यायची. फट कागदाच्या दोन-तीन पदरांएवढीच, पण पिन पूर्ण दबायची नाही. वरचे दोन वेढे सोडले आणि दोष गेला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. सेफ्टी काढली असती तर चाप चालला असता आणि बोल्ट अर्धवट मिटलेलाच राहिला असता.

मग अडकण्याचा प्रश्न. व्हर्निअरने काडतुसांची लांबी मोजली: जुनं १२५ ग्रेनचं १.४६ इंच, नवं १०५ ग्रेनचं १.३८ इंच. फरक ०.०८ इंचाचा, म्हणजे दोन मिलिमीटर. १८७३ मध्ये कॅरियरवर बसलेलं काडतूसच मॅगझिनमधल्या दुसऱ्या काडतुसाला अडवून धरतं, त्यासाठी वेगळी खिट्टी नाही. पहिलं आखूड असेल तर दुसऱ्याच्या बुडाची कड मॅगझिनमधून कॅरियरमध्ये डोकावते. कॅरियर वर जाताना आपल्या उताराने तिला मागे ढकलू पाहतो, पण कड जास्त आत आली असेल तर चिमटतो. उलट काडतूस फार लांब असेल तर त्याचं नाक मॅगझिनच्या तोंडातच राहतं आणि कॅरियर उठतच नाही. मूळच्या लांब झटक्यात हाताला इतका जोर मिळतो की थोडीफार चिमट दाबून निघते. शॉर्ट स्ट्रोक किटमध्ये लिव्हरचा प्रवास कमी होतो, तसा जोरही कमी होतो. म्हणून जी गोळी मूळ रायफलीत कदाचित चालून गेली असती, ती इथे नडली.

तपासणी घरीच झाली. प्रायमर (काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) आणि बारूद नसलेली दहा नकली काडतुसं १.३८ इंचाची आणि दहा १.४६ इंचाची बनवली. प्रत्येक संच वीस वेळा, स्पर्धेच्या वेगाने. आखूड संच दोनशेत नऊ वेळा अडकला, लांब संच एकदाही नाही. गोळी १२५ ग्रेनवर परत गेली. गोळीचं नाक सपाटच ठेवलं, कारण नळीच्या मॅगझिनमध्ये एकाचं नाक पुढच्याच्या प्रायमरला टेकलेलं असतं आणि टोकदार गोळी तिथे घालायची नसते.

न पेटणाऱ्या काडतुसांनी जास्त वेळ खाल्ला. मूळ कारण बाजारात होतं. हे २०२१ साल होतं आणि अमेरिकेत प्रायमरची टंचाई होती. हलक्या मेनस्प्रिंगवर चालणारे बहुतेक स्पर्धक फेडरलचे प्रायमर वापरतात, कारण ते मऊ असतात. गनस्मिथने स्प्रिंग त्यांच्यावरच जमवली होती. नेमबाजाच्या कपाटात मिळतील ते, दोन वेगळ्या कंपन्यांचे कडक प्रायमर होते. गनस्मिथने विचारलं नाही, याने सांगितलं नाही.

तरीही सरळ स्प्रिंगवर खापर न फोडता क्रमाने पाहिलं. बोल्ट काढून फायरिंग पिनची वाट धुतली, कारण कारखान्यातलं जाड ग्रीस सुकलं की पिन मंद होते. थोडं निघालं, पण फरक पडला नाही. मग न पेटलेली बारा काडतुसं बाजूला ठेवून एकेक पुन्हा मारली. नऊ दुसऱ्या फटक्याला पेटली. याचे दोन अर्थ निघतात: स्प्रिंग कमकुवत, किंवा प्रायमर पूर्ण बसलेला नाही आणि पहिला फटका त्याला बसवण्यातच खर्च झाला. नखाने पाहिल्यावर उरलेल्या साठ्यात काही प्रायमर बुडाच्या पातळीच्या किंचित वर लागले. हे नळीच्या मॅगझिनमध्ये नुसतं गैरसोयीचं नाही, धोक्याचं आहे. ती काडतुसं बाद केली, आणि तेव्हापासून प्रत्येक काडतूस बुडावर बोट फिरवूनच डब्यात जातं.

नीट बसवलेल्या प्रायमरवरही पन्नासात दोन पेटेनात. आता मात्र दोष स्प्रिंगचाच होता. ताणाचा स्क्रू पूर्ण आवळूनही पुरेना, कारण स्प्रिंग घासून पातळ केलेली होती आणि घासलेलं परत येत नाही. कारखान्याची जाड स्प्रिंग नवी आणून बसवली. स्क्रू सैल करत करत जिथे कडक प्रायमर चुकू लागला तिथे खूण केली आणि तिथून पुरता एक फेरा आवळला. हॅमर ओढायला पूर्वीपेक्षा जड झाला, पण या रायफलीत बोल्टच हॅमरला मागे ढकलतो. त्या जडपणाची किंमत टायमरवर दिसलीच नाही. हॅमरच्या खाचांना कुणी हात लावला नाही. चाप हलका करण्याच्या नादात त्या खाचा घासणं म्हणजे हॅमर आपोआप पडण्याची सोय करणं.

नेमाकडचं काम त्या मानाने झटपट उरकलं. टँग साइट उतरवली. मागची साइट कानशीने रुंद, उथळ यू आकाराची केली. पुढचा बारीक पितळी मणी चाळिशीमुळे धूसर दिसत होता, त्या जागी मोठा हस्तिदंती रंगाचा बसवला. दस्त्याच्या चंद्रकोरी पोलादी पट्टीवर चामड्याचं आवरण चढवलं. ही पट्टी खांद्याच्या खोबणीत नाही, दंडाच्या वरच्या भागावर टेकायची असते. एनसीसीच्या सवयीने तो ती खांद्यात दाबायचा आणि प्रत्येक झटक्याला टोक रुतायचं.

नळी कापून वीस इंचांवर आणण्याचा विचार शेवटपर्यंत होता. अमेरिकेत रायफलीची नळी सोळा इंचांच्या वर असली की कायद्याची हरकत नाही. पण नळीबरोबर मॅगझिनची नळी, तिची स्प्रिंग, पुढची साइट, सगळंच हलवावं लागतं आणि पुढे विकताना किंमत पडते. ते काम मागे ठेवलं.

निकाल

पुढच्या तीन स्पर्धांत १८० काडतुसं झाडली. न पेटलेलं एकही नाही. एकदा यंत्रणा अडकली, ती नेमबाजाने लिव्हर अर्ध्यातून परत मिटल्यामुळे. दहा गोळ्यांची सरासरी पाच सेकंदांच्या जरा खाली आली. हे वेगवान स्पर्धकांच्या जवळपासही नाही, पण आधीच्या साडेसातपेक्षा बरंच बरं. वहीतले आकडे पाहिले तर या घटीतला मोठा वाटा साइट बदलल्यावर पडला, आणि किटचा त्याखालोखाल. अ‍ॅल्युमिनियमच्या कॅरियरचा फायदा वेळेत वेगळा दाखवता येत नाही. लिव्हर मिटताना नळीचं टोक उडणं कमी झालं, एवढं डोळ्याला दिसतं.

लांब नळीचा प्रश्न तसाच आहे. निशाणं डावी-उजवीकडे पसरलेली असली की तो अजून मागे पडतो.

पुन्हा करायचं झालं तर

वीस इंची रायफल घ्यावी आणि पहिल्या तीन स्पर्धा तिला स्क्रूड्रायव्हर लावू नये. त्या काळात काडतूस पक्कं करावं: गोळीचं वजन, नाकाचा आकार, एकूण लांबी, प्रायमर. रायफल जमवायची ती या काडतुसावर. काडतूस मागाहून बदललं तर जमवणं पुन्हा पहिल्यापासून.

मग साइट आणि दस्ता. दोन्ही घरी होतात आणि परत फिरवता येतात. टायमरवर पाहावं की वेळ कुठे जातो. लिव्हरमध्ये जात असेल तरच किट. संघटनेच्या नियमपुस्तकात लिव्हरच्या किमान प्रवासाची मर्यादा आहे, ती गनस्मिथला आधी दाखवावी. किट आणि हलक्या स्प्रिंगा एकाच फेरीत बसवू नयेत, कारण नंतर दोष कुणाचा ते सापडत नाही. काढलेला प्रत्येक मूळ भाग परत मागून घ्यावा. या प्रकरणात जाडी न घासलेली मूळ मेनस्प्रिंग असती तर महिना वाचला असता. ती घासूनच हलकी केली होती, त्यामुळे परत मागण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

आता गनस्मिथकडे रायफल जाते ती वीस नकली काडतुसं आणि एका चिठ्ठीसकट. चिठ्ठीवर एवढंच असतं: .३८ स्पेशल, १२५ ग्रेन सपाट नाक, लांबी १.४६ इंच, प्रायमर मिळेल तो, कडक धरावा, लिव्हर सेफ्टीला हात लावू नये.